काळा दगड, नग एक

तो आदर्श विद्यार्थी नव्हता. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी झाले.

त्याला जाऊन वर्ष झालं. त्या वर्षात पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि एकदा तर रांगोळी स्पर्धेच्या बक्षीस समारंभातसुद्धा लोकांनी मला माइकसमोर उभं केलं. विषय एकच. गावाचा सुपुत्र, देशासाठी प्राण दिलेला जवान, आदर्श विद्यार्थी. मी त्याची गणिताची बाई, आता रिटायर झालेली, म्हणजे घरी रिकामीच बसलेली असणार असा सगळ्यांचा समज. मी जायची आणि खोटं बोलायची. वक्तशीर होता, अभ्यासू होता, शब्द खाली पडू द्यायचा नाही. खरं सांगायचं तर त्याला सहावीच्या सहामाहीत शंभरात एकोणीस पडले होते, आणि त्यातले चार मी दया करून दिले होते. बाराच्या पुढे पाढे येत नव्हते. आणि माझ्या तासाला तो फळ्याकडे बघत गळ्यातला दोरा चघळत बसायचा.

तो दोरा म्हणजे शिवदारा. आमचं गाव मुखेड आणि उदगीरच्या मधलं, निम्मी पेठ लिंगायतांची. पोर जन्मलं की जंगम स्वामी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. सुपारीपेक्षा थोडं मोठं, काळं कुळकुळीत, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं. ते माणूस मातीत जाईपर्यंत अंगावरून उतरवायचं नसतं, आणि मातीत जातानाही त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. मी त्यांच्यातली नाही, पण त्याच गल्लीत जन्म काढला, त्यामुळे एवढं मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांना नव्हतं, ते पुढे येईलच.

त्याची आई शाळेत खिचडी शिजवायची. अजूनही शिजवते. नवरा लवकर गेला, पदरात हे एकच पोर. दोनशे पोरांचं पातेलं एकटी चुलीवरून उतरवायची आणि वर मला म्हणायची, "बाई, त्याला लई मारू नगा, पन थोडं मारा." मी तिचा मान ठेवायची.

सहावीतला एक दिवस मला अजून तारीखवार आठवतो. कबड्डीचा तास झाला आणि हा माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"बाई, गळ्यातलं दिसंना."

लिंग अंगावर नसेल तर त्यांच्यात अन्नपाणी घेत नाहीत, सापडेपर्यंत. पोरानं खिचडीला हात लावला नव्हता. आईला कळलं तशी तीही चुलीपाशी बसून राहिली, स्वतःचं ताट तसंच झाकून. मग काय, गणित बाजूला ठेवलं आणि अख्खा वर्ग मैदानावर. गवत उपटलं, गटार उपसलं, मुतारीच्या मागची भिंत शोधली. माझी नवी साडी गोखरूंनी भरली. दोन तासांनी मी वैतागून त्याचं दप्तर उचललं, घरी जा म्हणायला, तर आत काहीतरी खडखडलं. खिचडी खायला पोरं घरून डबा आणत. याच्या स्टीलच्या डब्यात, धुऊन पुसून, रुमालात गुंडाळून ते लिंग ठेवलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

मी त्याला दोन धपाटे घातले. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'निष्काळजी'. तो रडला नाही. मान खाली घालून पण ठामपणे म्हणाला, "बाई, हरवलं न्हाई. ठेवलं व्हतं. कबड्डीत धक्का लागून तुटंल म्हनून."

"आणि विसरलास. ठेवलेलं विसरणं म्हणजे हरवणंच," मी म्हणाले. वर्गाला पटलं. माझं बोलणं नेहमीच पटायचं, हातात छडी होती.

पुढे तो कसाबसा दहावी झाला, बारावी झाला, आणि पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळायला लागला. ज्या पोरानं शाळेची घंटा कधी वेळेवर ऐकली नाही ते पोर चार वाजता उठतं म्हटल्यावर मला शंका आली की पोरीबिरीचं काही असेल. पण तो भरती झाला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा माझ्यासाठी अक्रोड घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, तेराचा पाढा येतोय आता." मी म्हणायला लावला. तेरा सत्ते एक्क्याण्णवपर्यंत गेला आणि अडला. मग दोघंही हसलो.

सीमेवर लढाई पेटली त्या आठवड्यात तो गेला. चोवीस वर्षांचा होता. बातमी आली तेव्हा मी ज्वारी निवडत होते आणि बातमी ऐकूनही बराच वेळ निवडतच राहिले. मला रडू आलं की राग येतो, हा माझा जुना दोष आहे. त्या दिवशी मी दारात आलेल्या प्रत्येकावर ओरडले.

ओरडायला कारणंही मिळत गेली. त्याला आणायच्या आदल्या दिवशी कुणा साहेबांनी शाळेच्या मैदानात चितेची लाकडं रचून ठेवली, वर तुपाचे डबे. लिंगायताच्या पोराला! जंगम स्वामींनी ते पाहिलं आणि जो आवाज चढवला तो बसस्टँडपर्यंत गेला असेल. लाकडं परत ट्रॅक्टरमधे भरली आणि घाईघाईनं तिथेच खड्डा खणायला घेतला. पेटी आली तर ती उघडायची नाही असा वरून निरोप. म्हणजे आंघोळ नाही, बसवणं नाही, तळहातावर लिंग ठेवणं नाही. स्वामी म्हणाले, "शिपाई हाय. शिव त्याला बसवून घेईल." त्याच्या आईनं फक्त एकच विचारलं, पेटीबरोबर आलेल्या अधिकाऱ्याला, गळ्याशी हात नेऊन दाखवत. मी हिंदीत सांगितलं. तो बिचारा तीन दिवस झोपलेला नसावा. हात जोडून म्हणाला, "सब साथ में है, माताजी."

ती त्या शब्दावर शांत झाली. बंदुकांची सलामी झाली, तिरंगा घडी करून तिच्या हातात दिला, पण तिला धीर दिला तो त्या एका वाक्यानं.

मग स्मारक समिती निघाली. अध्यक्ष आमच्या पेठेतले कापड दुकानदार, सचिव मी, कारण माझं अक्षर चांगलं. अध्यक्ष माणूस वाईट नाही, पण त्यांना प्रत्येक गोष्टीत वरची वस्तू लागते. समाधीवर साधा ओटा आणि बेलाचं झाड एवढंच त्याच्या आईचं मागणं होतं. अध्यक्षांनी काळा ग्रॅनाइट आणवला, तोही अखंड. चारी बाजूंनी स्टीलचं रेलिंग. आणि मधोमध, नांदेडच्या एका दुकानातून कॅटलॉग बघून, एक ज्योत. लाल प्लॅस्टिकची, आत बल्ब, बटन दाबलं की लकलक करणारी.

"त्याला जाळलं का?" तिनं मला विचारलं होतं. "मंग आग कशाला?"

मी सभेत हे मांडलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हुतात्म्याला ज्योत असतीच. समद्या गावात हाय." ते स्वतः लिंगायत. शर्टाच्या आत त्यांच्या गळ्यातही तेच काळं लिंग. कळतं पण वळत नाही याला दुसरं उदाहरण मी वर्गात कधी देऊ शकले नसते. नाकापेक्षा मोती जड झाला आणि तो नाकावर बसलाही.

लोकार्पण वर्षदिनी ठरलं. त्याच्या अठरा दिवस आधी त्याच्या पलटणीतला एक जवान त्याची ट्रंक घेऊन आला. सोबत टाइप केलेली यादी होती, इंग्रजीत, म्हणून मला बोलावलं. मी तिच्या ओसरीवर बसून एकेक वाचत होते आणि ती ट्रंकेतून ती ती वस्तू काढून चटईवर मांडत होती. चादरी दोन. बूट जोड एक. दाढीचं सामान. मोबाइलचा चार्जर. फोटो तीन. स्टीलचा डबा, झाकणासह, एक. काळा दगड, दोऱ्यासह, नग एक.

मी थांबले. ती म्हणाली, "दगड? दगड कोन्ता, बाई?"

मला तिच्या आधी कळलं होतं. सहावीतला तो खडखडाट माझ्या कानात होता. डबा तिच्या हातातच होता, तोच, झाकणावर त्याच्या बापाचं नाव कोरलेला. तिनं झाकण काढलं. रुमाल. रुमालात कापड. कापडाला शिवदारा, आणि दोऱ्याची गाठ चघळून चघळून केसाळ झालेली.

जवानानं सांगितलं की निघताना अंगावरचं सगळं काढून ठेवायचा हुकूम असतो, जे हलेल, वाजेल ते. बाकीच्यांनी खिशातलं टाकलं आणि गेले. यानं डबा धुऊन आणला होता. बाकीचे हसले होते म्हणे.

"म्हंजी ते बिगर लिंगाचं गेलं," ती म्हणाली. आणि मग हळूच, हिशेब लागल्यासारखं, "म्हंजी वरीस झालं, लेकरू उपाशी बसलंय, बाई."

त्या संध्याकाळपासून तिनं अन्न सोडलं.

मी समजावलं, ओरडले, हात जोडले. "आक्का, तुम्ही पडाल. त्याला आवडेल का हे?" ती म्हणायची, "त्याच्या हातात जाऊ द्या. मंग जेवते." दूध घ्यायची, फळ खायची, तेही मी समोर बसले तर. नांदेडला भाचीकडे गेले तेव्हा येताना अर्धापूरची केळी घेऊन आले, दोन डझन, आणि रोज दोन सोलून तिच्या हातात दिली. आणि ही बाई रोज शाळेत जाऊन दोनशे पोरांची खिचडी शिजवत होती. मीठ चाखायलासुद्धा दाणा तोंडात घालत नव्हती, त्यामुळे खिचडी एक दिवस अळणी, एक दिवस खारट. पोरं कुरकुरायची. नवव्या दिवशी पातेलं उतरवताना ती तोल जाऊन भिंतीला टेकली, आणि मी ठरवलं की आता समितीची गय करायची नाही.

अध्यक्ष दुकानात गादीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, डोळेही पुसले. मग म्हणाले, "पन बाई, समाधी उघडत नसतेत. पाप हाय."

मी जंगम स्वामींकडे गेले. ते म्हणाले, "उघडायची गरजच न्हाई. त्याच्या जागंत मातीला लागलं की त्याला मिळालं."

मी परत दुकानात. "मातीला लागलं की झालं म्हणतात."

"माती हाय कुठं वर? ग्रॅनाइट हाय. अखंड हाय. फोडलं तर चीर समद्या लादीवर जाईल. पाव्हने यायलेत लोकार्पणाला. एकदा कार्यक्रम होऊ द्या, मंग बघू."

"तोवर ती बाई राहील का?"

"तुमी समजावा की तिला. तुमचं ऐकती."

एकतीस वर्षांत ज्या पालकांनी मला 'तुमचं ऐकतो' म्हटलं त्यांची पोरं कधीच माझं ऐकत नव्हती. मी तहसीलीत गेले. तिथला कारकून म्हणाला, अर्ज द्या, कारण लिहा. मी कारण लिहिलं, ट्रंकेची यादी जोडली. त्यानं वाचलं आणि विचारलं, "हा दगड आत टाकायला परवानगी कशाला पाहिजे?" मी म्हणाले, तो दगड नाही. तो म्हणाला, "यादीत तर दगडच हाय." मी त्याच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून फेकणार होते, पण वय आडवं आलं. अर्जाचं उत्तर अजून यायचं आहे.

लोकार्पणाचा दिवस उजाडला. कार्यक्रम दहाचा, म्हणजे पाहुणे एकच्या आत येणार नाहीत हे शेंबड्या पोरालाही माहीत. मी आठ वाजता तिला घेऊन समाधीवर गेले. तिच्या पिशवीत तो डबा. मी काय करायचं ठरवलं होतं मलाच माहीत नाही. बहुतेक छिन्नी मागून स्वतःच घाव घालायचा, आणि काय होईल ते होईल. अठरा दिवसांनी तिच्या हाताची कातडी सैल पडली होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तिथे गवंडी आधीच आलेला, तोंडात शिव्या. ज्योत हलत होती म्हणून त्यानं ती बुडासकट उपसून बाजूला ठेवली होती. आणि ग्रॅनाइटच्या मधोमध, जिथे ज्योत होती तिथे, एक गोल भोक. मूठ सहज जाईल एवढं, वायर वर घ्यायला ठेवलेलं.

"खाली काय आहे याच्या?" मी विचारलं.

"खाली काय असतंय? माती." मग त्यानं आवाज बारीक केला. "सिमेंटचा बेड टाकायचा व्हता. कंत्राटदारानं टाकलाच न्हाई. बाई, माझं नाव सांगू नगा."

वर्षभर मी त्या कंत्राटदाराला सभेत धारेवर धरत होते. त्या क्षणी तो समोर असता तर मी त्याच्या पाया पडले असते.

स्वामींना फोन केला. ते विभूती आणि बेलाची पानं घेऊन पंधरा मिनिटांत आले. गवंड्यानं मधे येणारी वायर पकडीनं तोडली. ती गुडघ्यावर बसली, डबा उघडला, कापडातलं लिंग डोळ्याला लावलं. स्वामी मंत्र म्हणत होते. तिनं बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बराच वेळ हात तसाच आत होता. मला वाटलं अडकला की काय.

"घे," ती म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात. "जेव आता."

मी मान फिरवली, तर रेलिंगच्या बाहेर अध्यक्ष उभे. फेटा बांधलेला, नवी कोरी पांढरी पँट. आता हे ओरडणार म्हणून मी पदर खोचला. त्यांनी चप्पल काढली. शर्टाच्या आत हात घालून क्षणभर गळ्यातलं घट्ट धरलं. मग आत येऊन ती मूर्ख ज्योत स्वतःच्या हातांनी जागेवर ठेवली आणि गवंड्याला म्हणाले, "बसव पटकन. पाव्हन्यांनी लातूर सोडलंय."

लातूर सोडलेले पाहुणे दीड वाजता पोहोचले. तोवर तिला दहा वाजल्यापासून स्टेजवर खुर्चीत बसवून ठेवलेलं. रिकामा डबा तिच्या मांडीवर. मी घरी पळत गेले, सकाळची ज्वारीची भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती, डब्यात भरून तिला आणून दिली. म्हटलं कार्यक्रम झाला की खाईल.

पाहुण्यांनी बटन दाबलं. ज्योत पेटली नाही. पुन्हा दाबलं. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या, भर उन्हात पेटली की नाही कोण बघतंय. मग पाहुणे बोलायला उभे राहिले. "या वीराच्या चितेच्या ज्वाळांनी हे गाव उजळून निघालं," वगैरे. कुणीतरी लिहून दिलेलं. आणि तेवढ्यात स्टेजवर झाकण उघडल्याचा आवाज आला. स्टीलच्या डब्याचा आवाज माइकमधून सगळ्या मैदानात गेला.

ती जेवत होती. पाहुण्यांच्या शेजारी, हार गळ्यात घालून, भाकरी मोडून चटणीला लावून, सावकाश चावत. एक कार्यकर्ता वाकून तिच्या कानात काही सांगायला आला. अध्यक्षांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. मी शेजारीच होते. तिनं चतकोर मोडून माझ्या हातात ठेवला.

"खावा, बाई. तुमी बी सकाळधरनं काई खाल्लं न्हाई."

मी तो तोंडात घातला आणि नेमकं माझं नाव पुकारलं. आदर्श विद्यार्थी, दोन शब्द. भाषण पर्समधे होतं, तेच, वक्तशीर, अभ्यासू. मी घास कसाबसा गिळला आणि माइकपाशी उभी राहिले. समोर माझे कितीतरी विद्यार्थी बसले होते. सहावीत त्या मैदानावर गवत उपटणारे काही होतेच, आता मिशा आलेले, पोरंबाळं झालेले.

"मी त्याच्या वहीवर निष्काळजी लिहिलं होतं," मी म्हणाले. "ते चुकीचं होतं. त्यानं हरवलं नव्हतं. ठेवलं होतं."

भाषण मी पर्समधेच ठेवलं. लोकांना काही कळलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीवर येऊन बसले. तिची भाकरी संपली होती. बोटानं चटणीचा शेवटचा कण टिपून तिनं डबा पदरानं पुसला, झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या खिचडीचं मीठ बरोबर पडंल."